जुगार, बेटिंग आणि परवाना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीनपत्तीपासून डब्बा ट्रेडिंगपर्यंत लोक जे विचारत राहतात, ते इथे एकत्र केलं आहे. भर महाराष्ट्रावर आहे आणि गोवा लागेल तिथे येतो. एकच गोष्ट अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारली होती, म्हणून उत्तर एकदाच देऊन बाकी ठिकाणी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तुमच्यावर गुन्हा दाखल झाला असेल तर मात्र हे वाचत बसू नका, आधी वकील गाठा.

१. मुळात जुगार कायदेशीर आहे की नाही? सरळ हो किंवा नाही सांगा.

महाराष्ट्रात सरळ उत्तर ‘नाही’ आहे. अपवाद मोजके आहेत: परवान्याच्या रेसकोर्सवरची घोड्यांची शर्यत, सरकारी लॉटरी आणि निव्वळ कौशल्याचे खेळ. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘बेटिंग आणि जुगार’ हा विषय राज्यांच्या सूचीत ३४ व्या क्रमांकावर आहे. त्यामुळे मांडवी नदीतल्या बोटीवर जे राजरोस चालतं, त्यासाठीच सावंतवाडीत धाड पडू शकते. राज्यांनी आणि केंद्राने चालवलेल्या लॉटऱ्या केंद्राच्या सूचीत येतात. २०२५ पासून ऑनलाइन पैशांच्या खेळांवरही केंद्राचा स्वतंत्र कायदा आहे (प्रश्न १२).

२. व्हॉट्सअॅपवर १८६७ चा कायदा फिरतोय, त्यात शिक्षा अगदी किरकोळ दिसते. आपल्याला तोच लागतो का?

नाही. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा महाराष्ट्रात लागू नाही. आपल्याकडे १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आहे, आता त्याला महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा म्हणतात. पेपरात ‘कलम ४ व ५ नुसार गुन्हा दाखल’ असं वाचता, ते याच कायद्यातलं. कलम ४ अड्डा चालवणाऱ्यासाठी आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ५ अड्ड्यावर खेळताना सापडलेल्यासाठी आहे, त्यात सहा महिन्यांपर्यंत. पुन्हा पुन्हा सापडलात तर किमान शिक्षाही वाढत जाते.

टोळीने बेकायदा बेटिंग किंवा जुगार चालवणाऱ्यांसाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ११२ आलं आहे. किरकोळ संघटित गुन्हेगारीच्या या कलमात एक ते सात वर्षं कैद आहे. म्हणजे ‘दोनशे रुपये दंड भरून सुटतो’ हा जुना हिशेब आता धरून चालू नका.

३. कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ, हे ठरवतं कोण?

शेवटी न्यायालय. १८८७ च्या कायद्याचं कलम १३ सांगतं की निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, मग तो कुठेही खेळा. त्यात खेळांची यादी दिलेली नाही, त्यामुळे वाद निकालांतून सुटत गेले. १९६८ मध्ये सत्यनारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कुठलं धरायचं आणि कुठलं टाकायचं हे ठरवावं लागतं. त्याच निकालात तीन पानांच्या खेळाला निव्वळ नशिबाच्या रांगेत बसवलं. १९९६ मध्ये लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत कौशल्याची ठरली.

बुद्धिबळ आणि कॅरमवर वाद नाही. तीनपत्ती, अंदर-बाहर, कटपत्ता यांवरही नाही, ते जुगारच. घोळ आहे तो पोकरवर. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार म्हटलं, तर पश्चिम बंगालच्या कायद्याने पोकर, ब्रिज आणि रमी यांना जुगारातून वगळलं आहे. महाराष्ट्रात पैसे लावून पोकर खेळणाऱ्याने तो वाद स्वतःच्या खर्चाने लढायची तयारी ठेवावी.

आणि ही सगळी चर्चा समोरासमोर बसून खेळण्याची आहे. मोबाइलवर खेळत असाल तर कौशल्याचा मुद्दा आता उपयोगाचा नाही. ‘वकिलाने सांगितलं, स्किल आहे, काही होत नाही’ असं जे लिहितात, त्यांना दिलेला सल्ला बहुधा २०२५ च्या आधीचा असतो.

४. दिवाळीत घरी भावंडं पाच-दहा रुपये लावून पत्ते खेळतो. हा गुन्हा?

कायद्याला हवा असतो ‘जुगाराचा अड्डा’. म्हणजे जिथे घरमालक किंवा जागा चालवणारा आपल्या फायद्यासाठी खेळाचं साहित्य ठेवतो, मग तो टेबलामागे पैसे घेवो, डावामागे घेवो की आणखी कसे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मामेभाऊ-आतेभाऊ बसले आणि कोणीही ‘नाल’ (डावातून जागेच्या मालकाचा वाटा) काढत नसेल, तर ते घर अड्डा ठरत नाही. त्याच घरात दर शनिवारी बाहेरची माणसं यायला लागली आणि प्रत्येक डावातून वीस रुपये बाजूला पडू लागले, की चित्र बदललं.

इथे एक अपवाद फारसा कुणाला ठाऊक नसतो. काही प्रकारच्या जुगाराला फायद्याची अट नाहीच. तो ज्या खोलीत चालला ती खोली आपोआप अड्डा ठरते. त्या यादीत काय आहे? कापूस, अफू यांचे बाजारभाव आणि त्या भावातले आकडे, शेअरचे भाव, पाऊस पडेल की नाही आणि किती पडेल, आणि प्राणी, भाज्या, वस्तू यांच्या चित्रांवर पैसे लावणं. वाचताना जुन्या मुंबईचा सगळा सट्टाबाजार डोळ्यांसमोर येतो. ही यादी अजून कामाची आहे, कारण वाघ-छत्रीच्या चित्रांवर पैसे लावायचा जत्रेतला ‘सोरट’ थेट तिच्यात बसतो.

५. लोकलमध्ये किंवा बागेत पत्ते खेळलं तर?

नुसते पत्ते खेळायला कोणी अडवत नाही. पण पैसे लावून, सार्वजनिक जागेत खेळताना दिसलात तर कलम १२ खाली पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. रस्ता, बाग, मैदान, लोकांना मोकळा प्रवेश असलेली कुठलीही जागा यात येते. कौशल्याच्या खेळाची सूट (प्रश्न ३) इथेही आहे. म्हणून डब्यात रमीचा डाव मांडणारे तीनपत्तीवाल्यांपेक्षा निवांत असतात.

६. मी नुसता बघत बसलो होतो. धाडीत मलाही उचललं. असं करता येतं?

येतं. खेळ चालू असताना अड्ड्यात जो सापडेल तो खेळायलाच आला होता असं कायदा गृहीत धरतो, उलट सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर. पत्ते, सोंगट्या, आकड्यांच्या चिठ्ठ्या असं साहित्य रीतसर धाडीत मिळालं, की जागा अड्डा असल्याचंही गृहीत धरलं जातं. चहावाला, डबेवाला, मुलाला न्यायला आलेला बाप असे बचाव न्यायालयात टिकतात, पण नंतर. त्या क्षणी पंचनाम्यात आपल्याकडची रोकड आणि मोबाइल बरोबर नोंदवले गेले आहेत का ते पाहा. ‘मुद्देमाल’ म्हणून लिहिलेली रक्कम पटावरची होती की तुमच्या खिशातली, यावर पुढे बरंच अवलंबून असतं.

७. रमी क्लबला परवानगी असते ना? मग तिथे धाडी का पडतात?

कारण पाटी रमीची आणि आत तीनपत्ती, हे सर्रास आहे. पण खरीच रमी चालू असली तरी प्रश्न उरतो. १९६८ च्या त्याच निकालात न्यायालयाने भेद केला आहे. क्लबने बसण्याचे, पत्त्यांच्या जोडाचे, उशिरापर्यंत थांबण्याचे माफक पैसे घेतले तर हरकत नाही. डावावर लागलेल्या पैशातून मालकाला हिस्सा जात असेल तर मामला बिघडतो. क्लबची नोंदणी संस्था म्हणून झालेली असणं म्हणजे जुगाराचा परवाना नव्हे. भिंतीवर चौकटीत लावलेलं नोंदणी प्रमाणपत्र दाखवून सभासद गोळा करणारे बरेच आहेत.

८. मटका नेमका काय असतो? आणि साठ वर्षं झाली तरी बंद का होत नाही?

सुरुवात कापसाच्या भावातून झाली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता आणि बंद होतानाचा भाव तारेने मुंबईत यायचा, त्याच्या आकड्यांवर पैसे लागायचे. ते थांबल्यावर कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळीत आणि रतन खत्री यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे आकडे काढायला सुरुवात केली. ‘कल्याण’ आणि ‘वरळी’ ही नावं तेव्हापासूनची.

हिशेब असा. तीन पानं काढायची, समजा ३, ५, ६. बेरीज १४, शेवटचा अंक ४. हा झाला ‘ओपन’, आणि ३५६ हा ‘पाना’. नंतर पुन्हा तीन पानं, समजा २, ३, ८. बेरीज १३, म्हणून ‘क्लोज’ ३. दोन्ही मिळून जोडी ४३. फळ्यावर हे ३५६-४३-२३८ असं लिहिलेलं दिसतं. एका अंकावर लावलेल्या रुपयाला साधारण नऊ रुपये मिळतात, जोडीला नव्वद. पण अंक लागण्याची शक्यता दहात एक आणि जोडीची शंभरात एक. आकडे अगदी प्रामाणिकपणे निघाले तरी शंभरातले दहा रुपये कायम चालवणाऱ्याकडे राहतात. ते प्रामाणिक नसतात, ज्या आकड्यावर कमी पैसे लागले तोच निघतो, ही खेळणाऱ्यांचीच जुनी तक्रार आहे.

बंद न होण्याचं कारण माझ्या मते साधं आहे. दहा रुपयांत खेळता येतो, उधारीवर खेळता येतो आणि पकडला जातो तो टपरीवर चिठ्ठी फाडणारा. खायवाडी करणारा, म्हणजे पैजा स्वतःच्या अंगावर घेणारा वरचा माणूस एफआयआरमध्ये ‘फरार’ या एका शब्दापुरता उरतो.

९. मी मटका खेळत नाही, फक्त ग्रुपवर ‘आजचा लकी अंक’ टाकतो. मला काय होणार?

कलम १२अ वाचा. जुगाराला मदत व्हावी म्हणून माहिती छापणं, प्रसिद्ध करणं, वाटणं किंवा कोणत्याही प्रकारे फिरवणं हाच वेगळा गुन्हा आहे आणि त्यातही वॉरंट लागत नाही. आकड्यांचे तक्ते छापणाऱ्या वृत्तपत्रांसाठी ते आलं. मोबाइलवर टाकलेला आकडा सुटतो असं समजू नका. पैसे देऊन ‘फिक्स जोडी’ विकत असाल तर फसवणुकीचं कलमही वर लागेल.

१०. घोड्यांच्या रेसवर पैसे लावलेले चालतात, मग इतर कशावर का नाही?

कारण १८८७ च्या कायद्यातच तशी सूट आहे, आणि ती अटींसकट आहे. रेसकोर्सला १९१२ च्या रेसकोर्स परवाना कायद्याखाली परवाना हवा. पैज शर्यतीच्या दिवशीच लागली पाहिजे, सरकारच्या मंजुरीने राखून ठेवलेल्या आवारात लागली पाहिजे, आणि परवानाधारक बुकमेकरकडे किंवा टोटलायझेटरवर (पैजा एकत्र जमा करून वाटणारी यंत्रणा, बोलीत ‘टोट’) लागली पाहिजे. महाराष्ट्रात ही व्यवस्था रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे आहे. हिवाळ्यात महालक्ष्मी, पावसाळ्यात पुणे. टोटवर भाव आधी ठरलेला नसतो. विन, प्लेस, क्विनेला, जॅकपॉट असे वेगवेगळे गल्ले असतात, आणि कर व कमिशन वजा जाता उरलेली रक्कम जिंकलेल्या तिकिटांत वाटली जाते.

यातली एक जरी अट तुटली तर सूट गेली. महालक्ष्मीला धावणाऱ्या त्याच घोड्यावर दादरच्या पानटपरीवरच्या बुकीकडे लावलेले पैसे पूर्ण बेकायदा आहेत.

११. क्रिकेट सट्टा कायदेशीर होणार असं ऐकलं होतं, त्याचं काय झालं?

शिफारशी झाल्या, कायदा झाला नाही. २०१३ च्या आयपीएल सट्टा प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती लोढा समितीने बेटिंग नियमांखाली आणावं असं सुचवलं. २०१८ मध्ये विधी आयोगाचा २७६ वा अहवाल आला. तो जुगाराच्या बाजूने नव्हता. बंदी पाळून घेता येत नसेल तर नियमन करा, असा त्याचा सूर होता. सरकारने शेवटी उलट रस्ता धरला (प्रश्न १२). आज नागपूर असो की उल्हासनगर, लॅपटॉप आणि दहा-बारा मोबाइल घेऊन लगवाडी-खायवाडी (पैजा लावणं आणि घेणं) करणाऱ्यांवर प्रश्न २ मधली कलमं लागतात.

१२. ऑनलाइन रमी, फँटसी टीम, लुडो यांचं आता काय?

‘ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायदा, २०२५’ या विधेयकाला लोकसभेने २० ऑगस्ट २०२५ ला आणि राज्यसभेने दुसऱ्या दिवशी मंजुरी दिली. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. यात खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा प्रश्नच ठेवलेला नाही. पैसे भरायचे आणि पैसे जिंकायची आशा ठेवायची, एवढं असलं की तो ‘ऑनलाइन मनी गेम’ आणि त्याला बंदी. ई-स्पोर्ट्स आणि पैशांची पैज नसलेले खेळ यांना मोकळीक आहे.

असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत, म्हणजे रील टाकणारा ‘इन्फ्लुएन्सर’ आणि जाहिरातीतला नटसुद्धा यात आला. पैशांचे व्यवहार हाताळणाऱ्या बँका आणि पेमेंट कंपन्यांनाही चालवणाऱ्याइतकीच शिक्षा आहे. कायदा मंजूर होताच मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. त्याआधी २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फँटसी खेळ कौशल्याचा मानला होता, पण तो निकाल हाताशी असूनही ऑनलाइन व्यवसाय या कायद्याच्या कचाट्यातून सुटला नाही. कायद्याला दिलेली आव्हानं सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतली.

१३. मग मी ऑनलाइन खेळलो तर मलाही कैद?

२०२५ च्या कायद्यात नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तो त्याला बळी पडलेला मानतो. पण खेळता खेळता मित्रांना लिंक पाठवून कमिशन घेत असाल, तर तुम्ही खेळाडू राहत नाही.

१४. अॅपवर ‘कुरासाव सरकारचा परवाना’ लिहिलंय. ते चालतं का?

इथे त्याची किंमत शून्य. कुरासाव किंवा माल्टा यांनी दिलेला परवाना त्यांच्या हद्दीपुरता आहे. २०२५ च्या कायद्याने परदेशातून भारतात चालवलेले खेळही आपल्या कक्षेत घेतले आहेत. अशी अॅप्स माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली बंद होतात आणि चार दिवसांत नावात एक आकडा वाढवून परत येतात. पैसे अडकले तर तक्रार कुठे करणार? क्रिकेटपटूचा चेहरा लावलेल्या जाहिराती अनेकदा बनावट असतात, त्या वेगळ्याच.

१५. कॉलेजमधला मित्र म्हणाला, तुझं बँक खातं आणि सिम दे, महिन्याला दहा हजार देतो. यात धोका काय?

या पानावरचा हा सगळ्यात धोक्याचा प्रश्न आहे. बेटिंग अॅपला पैसे घ्यायला रोज नवी खाती लागतात आणि ती अशीच जमवली जातात. पासबुक, एटीएम कार्ड, नेट बँकिंगचा पासवर्ड आणि खात्याला जोडलेलं सिम असं सगळं ‘किट’ म्हणून मागतात. दोन आठवड्यांत तुमच्या नावावर लाखोंची उलाढाल होते. मग दुसऱ्या राज्यातल्या कुणीतरी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली की खातं गोठतं आणि चौकशीचा पहिला माणूस तुम्ही असता. यात मनी लाँडरिंगचा कायदाही लागू शकतो. ‘मला माहीत नव्हतं’ हे सांगणं अवघड जातं, कारण दरमहा दहा हजार कशाचे घेत होता याला उत्तर नसतं. खातं दिलं असेल तर आजच बँकेला लेखी कळवून बंद करा, सिमही बंद करा आणि सायबर पोलिसांकडे स्वतः जा.

१६. महाराष्ट्रात कॅसिनो का नाही? कायदा तर होता म्हणे.

होता. १९७६ चा महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) कायदा. विधिमंडळाने केला, पण एकाही सरकारने तो अमलात आणला नाही. मधूनमधून तो लागू करा म्हणून मागण्या झाल्या, कोर्टकचेऱ्याही झाल्या. शेवटी २०२३ मध्ये कायदाच रद्द केला. कधीच लागू न झालेला कायदा रद्द करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, यावर आणखी काय बोलणार!

१७. गोव्यात जाऊन खेळलो तर परत आल्यावर इथले पोलीस पकडतील का?

नाही. जिथे खेळलात तिथला कायदा लागतो. गोव्याचा १९७६ चा सार्वजनिक जुगार कायदाही बंदीच घालतो, पण त्याच्या कलम १३अ मध्ये सरकार परवानगी देऊ शकेल अशी वाट ठेवली आहे. पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक यंत्रांवरचे खेळ चालतात. खऱ्या पत्त्यांचे आणि रूलेटचे टेबल मात्र फक्त जहाजावर. पणजीसमोर मांडवीत उभी असलेली जहाजं त्यासाठीच आहेत. वय २१ पूर्ण हवं.

गोव्याच्या रहिवाशांना फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे. म्हणजे बांद्याचा माणूस जाऊ शकतो, पेडण्याचा नाही. आणि कॅसिनोला मिळालेली परवानगी मटक्याला मिळालेली नाही. गोव्यातही मटका बेकायदाच आहे, बाजारातून फिरताना तसं वाटलं नाही तरी.

१८. एजंट म्हणतो, पाच लाखांत बेटिंगचा परवाना काढून देतो. द्यावेत का?

देऊ नका. महाराष्ट्रात खासगी माणसाला क्रिकेट, कॅसिनो किंवा ऑनलाइन बेटिंगसाठी देता येईल असा परवानाच अस्तित्वात नाही. रेसकोर्सवरचा बुकमेकर ही एकच परवान्याची जागा, ती प्रश्न १० मधल्या चौकटीत. एजंट जे कागद दाखवतो ते बहुधा उद्यम नोंदणी, जीएसटी क्रमांक किंवा दुकान नोंदणी असते. जीएसटी भरला म्हणून धंदा कायदेशीर होत नाही. ‘धंदा करण्याचा मूलभूत हक्क’ वगैरेही चालणार नाही. १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापार नाहीच असं सांगून तो दरवाजा बंद केला.

१९. लॉटरी हा जुगार नाही का?

आहे, पण सरकारी. १९९८ चा लॉटरी नियमन कायदा राज्यांना स्वतःची लॉटरी चालवू देतो. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून आहे. एकेरी अंकावर बक्षीस देता येत नाही, आणि सोडत राज्याने स्वतः काढायची असते. ‘ऑनलाइन लॉटरी’ची पाटी लावून आत एक अंकी चक्री चालवणारी दुकानं या कायद्यात बसत नाहीत. परदेशी लॉटरीचं तिकीट काढायला भारतातून पैसे पाठवणं परकीय चलन नियमांनुसार निषिद्ध आहे, रक्कम कितीही लहान असो.

२०. आमच्याकडे दरमहा ५०० रुपये भरायची ‘लकी ड्रॉ योजना’ आहे. नंबर लागला की मोटरसायकल आणि पुढचे हप्ते माफ. हे चालतं?

चालत नाही. १९७८ च्या केंद्रीय कायद्याने अशा बक्षीस योजनांवर बंदी आहे, एक ते तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शेवटी प्रत्येकाला पंखा किंवा कुकर देतात म्हणून ती योजना सुटत नाही. अशा योजनांचं कार्यालय तालुक्याच्या बसस्टँडजवळ असतं आणि विसाव्या हप्त्याला तिथे कुलूप दिसतं. गणेशमंडळाने तिकीट लावून सोडत काढली तर तीही सरकारच्या परवानगीविना लॉटरी ठरू शकते. तिकीट नसलेली हौजी किंवा प्रेक्षकांतून मोफत काढलेली चिठ्ठी यात येत नाही, कारण कुणी पैसे लावलेले नसतात.

२१. बैलगाडा शर्यतीवर पैज?

शर्यतीला मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरवा कंदील दिला, पैजेला नाही. गाडामालकाला मिळणारं बक्षीस वेगळं, घाटाबाहेर उभं राहून कुणाचा गाडा पुढे येईल यावर लागणारे पैसे वेगळे. घोड्यांची सूट बैलांना नाही.

२२. मग शेअर बाजारातलं एफअँडओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे) हाही जुगारच नाही का?

मनाने तसं खेळणारे खूप आहेत, पण कायद्याने नाही. मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरचे डेरिव्हेटिव्ह सौदे १९५६ च्या रोखे करार कायद्याने वैध ठरवले आहेत. डब्बा ट्रेडिंग मात्र वेगळं. भाव एक्स्चेंजचा, पण सौदा दलालाच्या वहीत, प्रत्यक्ष शेअर कुणाच्याच नावावर नाही. त्याला रोखे कायद्यात दहा वर्षांपर्यंत कैद आहे आणि प्रश्न ४ मधली बाजारभावाची यादीही लागते. ‘उद्या पाऊस पडेल का, हो की नाही’ अशा मतांवर पैसे लावायची अॅप्स शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या कक्षेत नाहीत, असं सेबीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं होतं. आता ती प्रश्न १२ मध्ये गेली.

२३. जिंकलेल्या पैशावर कर किती?

सरसकट ३० टक्के, वर चार टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. उत्पन्न मोठं असेल तर अधिभार वेगळा. तुमचं बाकी उत्पन्न शून्य असलं तरी सूट नाही. हरलेले पैसे जिंकलेल्यातून वजा होत नाहीत. रेसमध्ये सकाळी वीस हजार जिंकून संध्याकाळी पंचवीस हजार घालवले, तरी वीस हजारांवर कर आहेच. लॉटरी आणि रेसच्या दहा हजारांवरच्या बक्षिसातून तो आधीच कापला जातो. बेकायदा जुगारातली कमाईही करपात्रच असते, आणि ती दाखवल्याने गुन्हा माफ होत नाही. जीएसटी खेळ पुरवणाऱ्याने भरायचा, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनो, रेस, लॉटरी यांवर ४० टक्के आहे.

२४. मेव्हण्याला खेळायला पैसे उसने दिले. त्याने दिलेला चेक बाउन्स झाला. वसूल होतील?

कशासाठी दिले हे तुम्हाला माहीत होतं का, यावर सगळं आहे. करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करारच निरर्थक, जिंकलेली रक्कम मागायला दावा लावता येत नाही. बाकी भारतात जुगारासाठी दिलेलं उसनं कधीकधी वसूल होऊ शकतं. पण जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ चा एक कायदा आहे, आणि तो जुगाराला मदत व्हावी म्हणून जाणूनबुजून केलेले करारही निरर्थक ठरवतो. चेकच्या केसमध्ये ‘कायद्याने वसूल होणारं देणं’ असावं लागतं, आणि मेव्हण्याचा वकील नेमका तोच मुद्दा काढेल. दवाखान्यासाठी म्हणून नेले आणि जुगारात घालवले, तर तुमची बाजू बळकट आहे. ‘रेसला जातोय, पाठव’ असा मेसेज तुमच्याच फोनमध्ये असेल तर कठीण.

२५. मिस्टरांनी ऑनलाइन जुगारात कर्ज केलं. सावकार घरी येऊन माझ्याकडे मागतो. मला द्यावं लागेल?

तुम्ही जामीन राहिला नसाल, सही केली नसेल, तर नवऱ्याचं देणं तुमचं होत नाही. कोऱ्या चेकवर किंवा स्टॅम्पपेपरवर सही मागितली तर करू नका. सावकाराकडे परवाना आहे का हे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे विचारा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली विनापरवाना सावकारी हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे आणि तक्रार तिथेच करता येते. धमकी दिली तर पोलिसांत वेगळी तक्रार. मिस्टरांच्या सवयीसाठी १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं. घरचेही बोलू शकतात, त्यांना घेऊनच फोन केला पाहिजे असं नाही.

२६. मी लंडनला असतो. इथे दुकानात बसून बेट लावतो. भारतात काही अडचण?

तिथे राहून, तिथल्या पैशाने लावत असाल तर नाही. ब्रिटनमध्ये २००५ च्या जुगार कायद्याखाली गॅम्बलिंग कमिशन कंपनीला परवाना देतं, दुकानाच्या जागेचा परवाना स्थानिक कौन्सिल देते, आणि जिंकणाऱ्याला कर नाही. अनिवासी भारतीय म्हणून ती कमाई भारतातही करपात्र नाही. पुण्याला कायमचे परत आलात आणि पूर्ण निवासी झालात की जगभरचं उत्पन्न इथे दाखवावं लागतं, आणि दर प्रश्न २३ मधला. सुट्टीवर पुण्यात आलेले असताना तेच ब्रिटिश अॅप उघडून खेळायचं म्हणाल तर प्रश्न १४ पाहा.